गोव्यात खिडक्यांना पातळ पडदे करायचे आहेत. मलमल घ्यावं की पॉलिएस्टर व्हॉइल?

पडद्यांना पॉलिएस्टर व्हॉइलच घ्या. मलमल कुर्त्या-ओढणीला ठेवा. ६५ टक्के आर्द्रतेत सुती कापड वजनाच्या ७-८ टक्के पाणी धरतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४. आपल्याकडे जूनपासून हवा त्याहून कितीतरी ओली, त्यामुळे मलमलीचा पडदा धड वाळतच नाही आणि खालच्या दुमडीत, जिथं कापड तिहेरी असतं, बुरशीचे काळे ठिपके पडतात. कापड रॉडच्या दुप्पट ते अडीचपट रुंद हवं: ४ फुटी खिडकीला ८ ते १० फूट. कमी घेतलंत तर चुण्याच पडत नाहीत. शिवताना ९ नंबरची सुई लावा, जाड सुईनं धागे ओढले जातात. इस्त्री मंद. मात्र रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. रस्त्याकडच्या खिडकीला दुसरा जाड पडदा लागेलच.