विचारा, सांगते : घरातलं पहिलंच लेकरू कॉलेजात

निकाल लागले की या सदराची पेटी भरून जाते, आणि यंदा बहुतेक पत्रं अशा घरांतून आलीत जिथं कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच लेकरू आहे. त्यातली तीन घेतलीत. मी तालुक्याच्या कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतेय आणि माझ्याही घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं, त्यामुळं ही पत्रं वाचताना मला माझंच घर दिसतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी आणि आमचे मालक दोघंबी ऊसतोडीला जातो. पोरीला बारावी सायन्सला ७८ टक्के पडले, सीईटी दिलीय, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. आम्ही ओबीसीत येतो. गावातले म्हणतात चार वर्षाला पाच-सहा लाख लागतात. एका कॉलेजच्या माणसाचा फोन आला की आत्ता १५ हजार भरा, सीट पक्की करतो. भरू का?
– एक आई, जि. बीड

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून, ऑनलाइन भरतात, तिथं पोरीचा मेरिट नंबर, तिचा प्रवर्ग आणि तिनं भरलेला पसंतीक्रम एवढंच चालतं, फोनवरच्या माणसाचं काही चालत नाही. तो म्हणतोय ती सीट बहुतेक मॅनेजमेंट कोट्यातली असणार आणि ती घेतलीत तर सरकारची फी माफी हातची जाईल.

ही माफी नीट समजून घ्या. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मीच माफ व्हायची. म्हणजे गावातले जो लाखांचा आकडा सांगतात त्यातला मोठा हिस्सा तुमच्या पोरीला लागूच होत नाही. पण डेव्हलपमेंट फी, मेस, पुस्तकं याच्यात धरलेली नाहीत, म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी प्रत्येक कॉलेजला फोन करून एवढंच विचारा, "ट्यूशन फी सोडून वर्षाला किती भरावं लागेल?" सरकारी कॉलेजात हा आकडा कमी असतो. छत्रपती संभाजीनगरचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग, नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज, ही नावं यादीत वर असू द्या, लागतील का नाही ते यादीच ठरवेल, आपण आधीच माघार घ्यायची नाही. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, तेव्हा पहिल्या नंबरला जे मनापासून हवंय तेच टाका.

आता कागदं. एक बाप माझ्याकडं आला होता, साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळी कागदं, प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये घातलेला, एकाला सुद्धा घडी नाही. जातीचा दाखला होता, जातपडताळणीची व्हॅलिडिटी होती, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला होता. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत बसतं असं सांगणारं प्रमाणपत्र, ते पण होतं, फक्त त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. ते कोणी त्याला सांगितलंच नाही. मुदतीत नवीन मिळालं नाही आणि पोरगी ओपनमध्ये ढकलली गेली. तो माणूस पिशवी परत बांधताना म्हणाला, "मॅडम, मी तर सगळी कागदं आणली होती." मला ते वाक्य अजून झोपू देत नाही. म्हणून सांगते, आजच्या आज नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख बघा, जुनं असेल तर लगेच तहसीलच्या सेतू केंद्रात जा.

अजून दोन गोष्टी. फॉर्म नेट कॅफेत भरणार असाल तर मोबाईल नंबर तुमचाच किंवा पोरीचाच द्या, कॅफेवाल्याचा नको, सगळे ओटीपी त्या नंबरवर येतात आणि पुढं तो फोन उचलत नाही तेव्हा पोरं रडत बसतात. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आणि पोरीचं बँक खातं आधारशी सीडिंग झालंय, म्हणजे जोडलंय, का ते बँकेत जाऊन विचारा, नाहीतर महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे अडकतात. तो फॉर्म दरवर्षी रिन्यू करावा लागतो. होस्टेल लागलं नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत अर्ज करा, ओबीसी मुलांना राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात, पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. हे सगळं दिवाळीनंतर तुम्ही तोडीला निघायच्या आत उरका, कारण तुम्ही कारखान्यावर असताना पोरगी एकटी तहसीलला खेटे घालत बसेल.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातला, दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठी मिडियम, आता पुण्यात कॉम्प्युटरच्या फर्स्ट इयरला. पहिल्या सेमला तीन विषय राहिले. वर्गात सर बोलतात ते कळत नाही, बाकीची पोरं कोडिंग आधीच शिकून आलीत. घरी सांगितलं नाही. वाटतं परत जावं, हे आपलं काम नाही.
– एक विद्यार्थी

उत्तर : अरे, तीन विषय राहिले म्हणजे तीन केटी लागल्या, एवढाच त्याचा अर्थ, त्याच्यावरून तुझी अक्कल ठरत नाही. आधी घरी सांग. फोनवर आईला "केटी" कळणार नाही, तिला सांग की तीन पेपर परत द्यायचेत आणि मी देणार आहे.

तुझं पत्र वाचून मला माझ्या एका विद्यार्थिनीची वही आठवली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. एकदा वही तपासायला घेतली तर आत सगळं देवनागरीत, "द करंट इज डिरेक्टली प्रपोर्शनल टू द पोटेन्शियल डिफरन्स", असं पानंच्या पानं. मी जे इंग्रजी बोलत होते ते ती कानाला ऐकू येईल तसं उतरवून घेत होती आणि रात्री डिक्शनरी घेऊन एकेक शब्द सोडवत होती. बाकीचे एक तास अभ्यास करत तेव्हा हिचे तीन तास जात होते आणि मार्क तरी कमीच. त्या दिवसापासून मी प्रत्येक नवीन गोष्ट आधी मराठीत सांगते, मग इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिते. चूक माझी होती, तिची नाही. तुझ्या सरांनाही कदाचित माहीतच नसेल की तुला कुठं अडतंय. वर्गात नको, तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जा आणि "सर, मला काहीच कळत नाही" असं म्हणू नको, ते ऐकून कोणालाही काय मदत करावी सुचत नाही. एक गणित घेऊन जा, चार स्टेप्स जिथपर्यंत जमल्या तिथपर्यंत लिही आणि बोट ठेव, इथं अडलं. असं बोट ठेवून विचारणाऱ्याला सर सहसा रिकाम्या हाती पाठवत नाहीत.

कोडिंगचं म्हणशील तर ती पोरं दोन वर्षं आधी सुरू झाली, तू आत्ता. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, फुकट, मराठीतून सुद्धा, सी, पायथन, लिनक्स असं बरंच काही, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, बघता बघता शेजारी करून बघायचं. एम-वनसाठी, म्हणजे पहिल्या सेमच्या गणितासाठी, मात्र व्हिडिओ कमी बघ आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर हाताने सोडव.

आणि एकटा राहू नको. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, कर्मवीर अण्णांनीही साताऱ्यात मुलांसाठी वसतिगृह काढलं, कारण खेड्यातून आलेलं पोर नुसत्या शाळेनं शिकत नाही, त्याला रात्री शेजारी बसून अभ्यास करणारं कोणीतरी लागतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह लागलं नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, त्याच विभागाच्या प्रकल्प कार्यालयात विचार. आणि तुझ्याच वर्गात असे अजून चार जण नक्की आहेत, ते पण मागच्या बाकावर गप्प बसलेत. त्यांना शोध, रोज रात्री एक तास एकत्र बसा, ज्याला जे आलं ते त्यानं बाकीच्यांना मराठीत समजावायचं. तुमची भाषा पावरी असेल तर पावरीत समजवा. पेपर तेवढा इंग्रजीत लिहायचाय, डोकं कुठल्याही भाषेत चालू दे.

प्रश्न : मी बी.एस्सी. सेकंड इयर, फिजिक्स. सगळे म्हणतात बी.एस्सी. करून काय होतं, डी.एड. नाहीतर तलाठी भरती. मला तारे, दुर्बिणी याच्यात काम करायचंय. आमच्याकडून कोणी जातं का असं?
– एक विद्यार्थिनी, जि. वाशिम

उत्तर : जातात गं, माझ्याच कॉलेजातून दोघी गेल्या. तिसऱ्या वर्षात असताना आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भर, ती फेब्रुवारीत असते, त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. बारावीचे मार्क कमी होते का याचं आता ओझं घेऊ नको, तिथं तुझं बी.एस्सी.चं फिजिक्स विचारतात. बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात सुद्धा बी.एस्सी. झालेल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनी, म्हणजे पगारी प्रशिक्षणार्थी, म्हणून भरती निघते, तीही डोक्यात असू दे.

दुर्बिणीचं म्हणशील तर जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आपल्याच राज्यात आहे, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी, ३० अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, ती लोकांना बघायला उघडी ठेवतात. मी पोरांना घेऊन गेले होते तेव्हा एक पोरगी त्या अँटेनाखाली उभी राहून वर बघतच राहिली, बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "मॅडम, तिथं वायरिंग करणारे, प्रोग्राम लिहिणारे, सगळेच लागतात की." हो, सगळेच लागतात.

आणि या वर्षीच एक काम कर. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, पैसे मिळतात, प्रवासाचंही बघतात. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात. त्याला तुझ्या एका प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं आणि हे शेवटच्या दिवशी मागून होत नाही. तुमच्या सरांनी हे नाव ऐकलेलं नसेल तर मोबाईलवर ते पान उघडून त्यांना दाखव. मी माझ्या सरांना पेपरातलं कात्रण दाखवलं होतं, त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि तिथंच ड्रॉवरमधून लेटरहेड काढलं.