जानेवारीच्या थंडीत ग्रुपसोबत कासला एमटीबी राईड: नवख्या माणसानं जावं का?

तुमचा प्रश्न वाचला. ऑफिसचा ग्रुप रविवारी पहाटे साडेपाचला साताऱ्यातनं कासला एमटीबी म्हणजे माउंटन बाईक घेऊन निघणार, हवामान खात्यानं थंडीची लाट सांगितलीय, आभाळही भरून आलंय, तुम्ही सायकलवर नवीन आणि घरचे नको म्हणतायत, तर जाऊ का नको.

नुसती कोरडी थंडी असेल तर बिनधास्त जा. पाऊस असेल तर जाऊ नका, मग ग्रुपवर कुणी किती का चिडवेना. आपल्याकडं सपाटीला किमान तापमान 10 किंवा त्याच्या खाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार डिग्री तरी कमी असलं की खातं लाट जाहीर करतं. एवढ्या थंडीत सायकल चालवणाऱ्या धडधाकट माणसाला काही होत नाही, पहिली दहा मिनिटं दात वाजतात आणि घाट लागला की जॅकेटची चेन आपोआप खाली येते. भिजलेलं अंग आणि त्यावर वारा हे मात्र लई वाईट. 2021 च्या डिसेंबरात सुरुवातीलाच अवकाळी झाला होता आठवतंय का, पुणे जिल्ह्यात शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. तेव्हा काय बर्फ पडला नव्हता, रात्रभर पाऊस आणि गार वारा एवढंच. मेंढीच्या अंगावर निदान लोकर असते, आपल्या अंगावर सेलमधलं जॅकेट.

आता पावसाशिवायही भिजायची सोय आपण स्वतःच करून ठेवतो, घामानं. सातारा साधारण 740 मीटरवर आहे, कास 1200 च्या आसपास, अंतर पंचवीसेक किलोमीटर, आणि त्यातला दमवणारा चढ सुरुवातीलाच यवतेश्वर घाटात. नवीन माणूस थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट असं चढवून येतो आणि घाट संपेपर्यंत आतनं ओलाचिंब होतो. वर पोचला की सगळे फोटोला थांबतात, एका बाजूला उरमोडीचं खोरं, दुसऱ्या बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, खाली धुकं साचलेलं, दिसतंय भारीच त्यात वाद नाही, पण त्या पंधरा मिनिटांत पाठीवरचा घाम असा गार पडतो की पुढचा तासभर अंग तापत नाही. म्हणून खाली साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं असताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, तिथंच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय, काढा. सुती बनियन घरी ठेवा, कापूस घाम पितो आणि धरून बसतो, साधा पॉलिस्टरचा टीशर्ट परवडला. दुसरा एक कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत टाका आणि वर गेल्या गेल्या, फोटोच्या आधी, बदला. लोक हसतात, हसू द्या.

सगळ्यात जास्त थंडी उतरताना लागते हे नवीन माणसाला पटतच नाही. पॅडल मारायचं नाही म्हणजे अंगात उष्णता तयार होत नाही, आणि वारा आपणच तयार करतोय. हवा 10 डिग्रीची असेल आणि तुम्ही ताशी 30 नं उतरत असाल तर उघड्या कातडीला ते साडेसहासारखं लागतं, आणि हा हिशोब कोरड्या कातडीचा. उतरायच्या आधी जॅकेटच्या आत छातीवर पेपर घालायचा, हा सायकलवाल्यांचा जुना जुगाड आहे आणि अजून त्याच्या तोडीचं काही दहा रुपयांत मिळत नाही. बोटं झाकणारे ग्लोव्हज पाहिजेतच, जिममधले अर्धे नकोत. कानटोपी हेल्मेटच्या आत बसत असेल तर उत्तम, नाहीतर बफ, म्हणजे गळ्या-कानावरनं ओढायचा नळीसारखा रुमाल.

बोटांचं एवढं का सांगतोय तर ब्रेक बोटांवर असतात. आमच्यातला एकजण मागच्या थंडीत अर्ध्या ग्लोव्हजवर घाट उतरला, खाली आला आणि त्याला हेल्मेटचं बक्कल सुटेना. सगळे हसले. मग चहा दिला तर कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायला लागला, कपाचा कान धरता येईना, आणि काहीतरी बोलला ते जड जिभेनं, प्यायल्यासारखं. तिथं हसणं बंद झालं. भिजलेला टीशर्ट काढला, कुणाचा तरी कोरडा स्वेटर घातला, वारा लागणार नाही अशा आडोशाला बसवला आणि गोड चहा पाजत राहिलो, अर्ध्या पाऊण तासात गडी नॉर्मलला आला. ही खूण लक्षात ठेवा, जॅकेटची चेन लावता न येणं, जीभ जड होणं, गप्प गप्प होऊन मागं पडणं. कुडकुडतोय तोवर अंग झगडत असतं, कपडे ओलेच आणि कुडकुडणं मात्र आपोआप थांबलं तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, सरळ 108 लावा. हातपाय चोळायचे नाहीत. आणि ग्रुपमध्ये एक महाभाग असतोच रमची क्वार्टर घेऊन येणारा, त्याला ती घरी जाऊन पी म्हणावं, दारूनं गरम वाटतं पण कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता बाहेर जाते.

एक गंमत सांगतो. वर गेलं की गार होत जाणार असं वाटतं ना, पण थंडीच्या शांत रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात उतरते, त्यामुळं पहाटे खोऱ्यात आणि तळ्याकाठी जास्त गारठा आणि कड्यावर कमी असं होतं. महाबळेश्वरात दव गोठलं की बातमी वेण्णा लेकची येते, बाजारपेठेची नाही, ते ह्याच कारणानं. म्हणून थांबायचं तर कास तलावाच्या काठी थांबू नका, थोडं वर उन्हाच्या बाजूला थांबा.

ग्रुपचं म्हणाल तर माझं सरळ मत आहे, थंडीत ग्रुप मोठा असेल तर तो ओझं होतो. पुढचे सुसाट जातात आणि वळणावर मागच्यांची वाट बघत गारठतात, मागचे धापा टाकत पोचतात तोवर पुढचे म्हणतात चला, म्हणजे ज्याला दम खायचा त्याला थांबाच मिळत नाही. दोन तुकड्या करा, हळू चालणारे वीस मिनिटं आधी सोडा, आणि सगळ्यात शेवटी पंक्चर काढता येणारा अनुभवी माणूस ठेवा. पंक्चर होणारच, बाभळीचा काटा मोसम बघत नाही. एकाची ट्यूब बदलेपर्यंत बाकीचे आठजण घाम घेऊन वाऱ्यात उभे, हा थंडीतला सगळ्यात मोठा वैताग. तयार ट्यूब न्या, पॅच मारत बसू नका, आणि नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतनं बोट फिरवून काटा काढा नाहीतर पुन्हा तेच.

रस्त्याबद्दल थोडंसंच. डांबर सोडून मुरमाच्या वाटेला लागणार असाल तर टायरची हवा जरा कमी करा. दवानं ओला झालेला जांभा दगड आणि वाळलेलं गवत दोन्ही घसरतात, पुढचा ब्रेक तिथं दाबायचा नाही. कासच्या पठारावर मात्र सायकल घालायची नाही, कुणी कितीही म्हणो जानेवारीत फुलं कुठं असतात. कातळावर मातीचा पातळ थर आहे, बिया कंद त्यातच झोपलेत, टायरनं तेच उखडतं. पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे आणि वनखात्याचे लोक हटकतात ते बरोबरच करतात.

घरच्यांची भीती थंडीची आहे, मला विचाराल तर अंधाराची जास्त असायला पाहिजे. हा गळीत हंगाम आहे. हायवेला आणि गावातनं बाहेर पडताना उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागं एक दोन, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि धुक्यात त्या दिसतात तेव्हा आपण त्यांच्या बुडाशी पोचलेलो असतो. घाटाच्या वर पहाटे गवासुद्धा रस्त्यात उभा असू शकतो. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मग साडेपाचला निघून मिळवायचं काय? ग्रुपला साडेसहा पावणेसात करा म्हणून सांगा. पुढचा लाईट दणकट आणि मागचा लाल लाईट चालू, हे दोन्ही नसेल त्याला घेऊ नका म्हणावं.

कासवरनं पुढं बामणोलीला उतरायचा बेत कुणी काढला तर तुम्ही पहिल्या वेळी जाऊ नका. तिकडं मोबाईलची रेंज धड नसते, आणि उतरलात की तेवढंच परत चढायचं असतं. कासच्या अलीकडं वाटेत पेट्री गाव लागतं, तिथपर्यंत जाऊन बघा, तिथं बोटं शाबूत असतील, आतला टीशर्ट फार भिजला नसेल आणि आभाळ उघडं असेल तर पुढं कास. थेंब पडायला लागले तर तिथनंच माघारी, पण उतरायच्या आधी कोरडे कपडे घाला आणि चहा मिळाला तर घ्याच.