एसीची कूलिंग कॉईल (हवा गार करणारी जाळी) बदलायला गाडीचा डॅशबोर्ड घरी काढून परत बसवता येईल का?

येईल. पण आधी बघा की तो काढायलाच हवा का. मारुती ८०० मध्ये कॉईल ग्लोव्ह बॉक्सखालूनच निघायची. आताच्या बऱ्याच गाड्यांत मात्र ती हीटरसोबत एकाच खोक्यात, डॅशबोर्डच्या पार मागे असते. तेव्हा डॅशबोर्ड काढावा लागेल म्हणणारा मेकॅनिक उगाच मजुरी वाढवतोय असं नाही.

मी माझ्या हॅचबॅकचं हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये भावाला मदतीला घेऊन केलंय. दोन गोष्टींत मात्र हयगय नको. पहिली एसीचा गॅस. उरलासुरला गॅस एसीवाल्याकडे मशीनने काढून घ्या, मगच काम काढा. गॅस नसला तरी गाडी चालते. बऱ्याच गाड्यांच्या एसीतला गॅस, आर-१३४ए, उणे २६ अंशांना उकळतो, नळी तशीच सोडलीत तर हाताची कातडी गोठेल. दुसरी एअरबॅग. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाडीत किमान चालकाची तरी असतेच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं चहा प्या, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये चार्ज साठलेला असतो. मग एअरबॅगचे पिवळे कनेक्टर सोडवा. ते सुटे असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरवरचा एअरबॅगचा दिवा स्कॅनर लावल्याशिवाय विझत नाही.

पुढचं काम नुसतं चिकाटीचं आहे. ग्लोव्ह बॉक्स, स्टिरिओ, मीटर, खांबांवरची प्लास्टिकची कव्हरं, बाजूची झाकणं. पान्यांत १० नंबरचा सर्वांत जास्त चालतो आणि हरवतोही तोच. स्टिअरिंग काढायची गरज सहसा पडत नाही. कॉलमचे (स्टिअरिंगच्या दांड्याचे) बोल्ट सोडून तो सीटवर टेकवला की जागा होते. डॅशबोर्ड हलत नसेल तर ओढू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलाय. तो बहुधा मीटरच्या मागे किंवा काचेजवळच्या झाकणाखाली सापडतो. उन्हात वाळलेल्या क्लिपा तुटणारच, थोड्या जास्तीच्या आणून ठेवा. स्क्रू काढलेल्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये टाका, प्रत्येक कनेक्टरवर मास्किंग टेप लावून नाव लिहा आणि फोटो काढत राहा.

नवी कॉईल, नवे ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) बसले की लगेच डॅशबोर्ड चढवू नका. एसीवाल्याला घरी बोलावून नायट्रोजनचं प्रेशर लावून घ्या. सांधा गळत असेल तर तो आत्ताच कळलेला बरा. चार पैसे वाचवायला ही पायरी गाळणारे नंतर अख्खा डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उतरवतात.

बसवताना दोघं लागतातच: एकाने तोलून धरायचा, दुसऱ्याने वायरी बाहेर ओढून घ्यायच्या. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे लावा, मग आवळा. एकच बाजू आधी घट्ट केलीत तर दुसरीकडची भोकं जुळत नाहीत. ब्लोअरच्या झडपेची केबल आणि एसीच्या पाण्याची ड्रेन नळी जागेवर आहे ना ते बघा. ती नळी निसटली की पाणी शेजारच्या सीटच्या पायाशी साचतं आणि गालिचा कुजेपर्यंत कुणाला कळतही नाही.