नाताळच्या बुफेत भाज्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 25 तारखेला चर्चहून आल्यावर घरी तीस माणसं जेवायला आहेत. केक, चिकन, पुलाव ठरलंय. भाज्या मात्र दरवर्षी पाणचट होतात आणि तशाच उरतात. फार तेल न घालता मांडण्यासारखं काय करता येईल? (मोहननगर)

उत्तर : बुफेतली भाजी बहुतेक वेळा वाफेमुळे बिघडते. गरम पाण्यावर झाकून ठेवली की ती शिजतच राहते, आणि झाकणावरचं पाणी पुन्हा तिच्यातच पडतं. म्हणून गॅसवरून उतरवताना भाजी किंचित करकरीत हवी. झाकणाला आतून कोरडं सुती फडकं बांधा आणि अर्धाच माल मांडा. बाकीचा पाहुणे निम्मे जेवल्यावर आणा.

मांसाहार असताना तीन भाज्या पुरे. अख्खी भाजलेली फुलकोबी, सोल्यांच्या (तुरीच्या ओल्या दाण्यांच्या) टिक्क्या आणि बीट-संत्र्याची थंड कोशिंबीर केलीत तर पांढरा, हिरवा, लाल असा नाताळचा रंग आपोआप जमतो. प्रत्येक भाजी माणशी 70 ते 80 ग्रॅम धरा.

टिक्क्यांबद्दल जरा सविस्तर, कारण डिसेंबरात विदर्भात ताजे सोले असताना बुफेत फ्रोझन कटलेट मांडण्यात काही अर्थ नाही. तीस टिक्क्यांना सोललेले सोले 500 ग्रॅम लागतात. मिठाच्या उकळत्या पाण्यात 7-8 मिनिटं शिजवा, निथळा आणि कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा. मग 5 हिरव्या मिरच्या, 10 लसूण पाकळ्या, मूठभर सांबार (कोथिंबीर), चमचाभर जिरं आणि मीठ घालून जाडसर वाटा. वाटताना पाणी अजिबात नको. बारीक पेस्ट झाली तर टिक्की चिकट होते, आणि सोले ओले राहिले तर फुटते. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ मिसळा. आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी 4-5 मिनिटं भाजा. या टिक्क्यांवर झाकण नको, उघड्याच मांडा.

प्रश्न : अख्खी फुलकोबी ओव्हनमध्ये वरून करपते, आत कच्ची राहते. मसालाही गळून ट्रेमध्ये पडतो. (सदर)

उत्तर : गड्डा जाड असतो, उष्णता दांड्यापर्यंत पोचेस्तोवर वरचा मसाला जळतो. त्यामुळे आधी उकळावा लागतो. 700-800 ग्रॅमचा घट्ट गड्डा घ्या. तीस जणांना असे चार. दांडा तळाशी सपाट कापा आणि त्यावर अधिकच्या खुणेसारखी खोल चीर द्या. कोमट मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं उलटा बुडवला की अळ्या निघतात. मग मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात 6-7 मिनिटं ठेवा. सुरी दांड्यात थोडा जोर लावून शिरली की काढा.

मसाला गळतो तो ओलाव्यामुळे. गड्डा किमान 20 मिनिटं उलटा निथळवा आणि साध्या दह्याऐवजी चक्का वापरा. एका गड्ड्याला चक्का 150 ग्रॅम, कोरडं भाजलेलं बेसन 1 मोठा चमचा, आलं-लसूण 2 चमचे, भिवापुरी तिखट 1 चमचा, तेल 2 चमचे, मीठ. बेसन न भाजता घातलं तर कच्चट वास राहतो. 200 अंशांवर 25 ते 30 मिनिटं भाजा. घरच्या लहान ओव्हनमध्ये एका वेळी दोनच गड्डे ठेवा; गर्दी झाली की भाजण्याऐवजी वाफवले जातात. उकळून निथळवण्याचं काम आदल्या रात्री करून गड्डे फ्रिजमध्ये ठेवता येतात. मसाला मात्र सकाळीच लावा.

प्रश्न : बीट-संत्र्याची कोशिंबीर सगळीच गुलाबी होते, आणि सकाळी काढलेला संत्र्याचा रस दुपारी कडू लागतो. (धरमपेठ)

उत्तर : बीट सालासकट आणि दोन सेंटिमीटर देठ ठेवून शिजवा, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. फोडींना आधी चमचाभर तेल चोळा, त्या ताटात शेवटी मांडा आणि ढवळू नका. रसाचं कारण वेगळं आहे. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला किंवा तापवला की त्यात लिमोनिन तयार होतं, तेच कडू. बी चिरडली तर कडवटपणा वाढतो. त्यामुळे रस वाढायच्या वेळीच काढा, मिक्सरमध्ये नव्हे, हाताने. चार मोठे चमचे रस, 1 चमचा लिंबू, 2 चमचे तेल, मिरपूड. वरून भाजलेलं जवस. मीठ अगदी शेवटी घाला, कारण ते फोडींतलं पाणी ओढून घेतं.

प्रश्न : मटार हिरवेगार राहावेत म्हणून सोडा घालू का? (जरीपटका)

उत्तर : नको. सोड्याने रंग टिकतो, पण दाणे गिळगिळीत होतात आणि ब-1 जीवनसत्त्व जातं. भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता 3-4 मिनिटं उकळा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. झाकल्यावर भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडत नाहीत, त्यानेच हिरवा रंग मळकट होतो. लिंबूही याच कारणासाठी वाढताना पिळा.

प्रश्न : जेवण दोन-तीन तास चालतं. भाज्या किती वेळ बाहेर ठेवाव्यात? (गोकुळपेठ)

उत्तर : गरम भाजी 60 अंशांच्या वर राहत असेल तर चालेल. तसं नसेल तर दोन तासांनी उचला, थंडी असली तरी. फुलकोबी उरली तर लगेच फोडी करून उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून पोळीत गुंडाळता येते. मीठ घातलेली कोशिंबीर ठेवू नका.