‘इव्होक’, ‘प्रोव्होक’ आणि ‘अराउज’

प्रश्न : भावना जागवणे या अर्थाने इंग्रजीत ‘अराउज’, ‘इव्होक’, ‘प्रोव्होक’ आणि ‘एलिसिट’ अशी क्रियापदे वाचनात येतात. शब्दकोशात त्यांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिलेले असतात. ती एकमेकांच्या जागी वापरली तर चालतील का?

उत्तर : काही वाक्यांत चालतील, पण वाक्याचा रोख बदलेल. शब्दकोशातील अर्थापेक्षा क्रियापदाला कोणते कर्म जोडले जाते, हे पाहिल्यास भेद लवकर उलगडतो.

‘इव्होक’ आणि ‘प्रोव्होक’ ही दोन्ही ‘बोलावणे’ या अर्थाच्या ‘व्होकारे’ या लॅटिन क्रियापदापासून आलेली सख्खी भावंडे असली, तरी त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. जुने छायाचित्र आठवणी किंवा हुरहूर ‘इव्होक’ करते, म्हणजे मनात आधीपासून असलेले काहीतरी अलगद वर आणते. ‘प्रोव्होक’मध्ये डिवचणे आहे, त्यामुळे राग, निषेध, वादंग ही त्याची नेहमीची कर्मे होत. अर्थात हे क्रियापद सर्वस्वी वाईट नाही, कारण एखाद्या लेखाला ‘थॉट-प्रोव्होकिंग’ म्हणणे ही प्रशंसाच असते.

‘अराउज’ म्हणजे निद्रिस्त भावनेला जाग आणणे, आणि त्याचे सूत कुतूहल, संशय, आस्था यांच्याशी विशेष जुळते. भाषणाने संताप ‘प्रोव्होक’ केला असे लिहिले, की भाषण चिथावणीखोर होते असे सूचित होते. ‘अराउज’ लिहिल्यास संताप जागा झाला एवढेच कळते आणि वक्त्याला फारसा दोष लागत नाही. मात्र ‘अराउज’चे कर्म व्यक्ती असेल तर जपावे, कारण तेथे कामोत्तेजनेचा अर्थ चटकन डोकावतो. श्रोत्यांना चेतवले असे म्हणायचे असल्यास ‘राउज’ अधिक सुरक्षित आहे.

‘एलिसिट’ त्या मानाने कोरडे आहे. माहिती, उत्तर, प्रतिसाद काढून घेणे हे त्याचे मुख्य काम असल्याने प्रयोगात सहभागी व्यक्तींच्या मनात भीती किंवा आनंद निर्माण केल्याचे सांगताना मानसशास्त्राचे संशोधक ते सर्रास वापरतात. कवितेच्या रसग्रहणात मात्र ते खटकते. ‘बेकायदेशीर’ या अर्थाच्या ‘इलिसिट’ या विशेषणाचा उच्चार जवळपास तसाच असल्याने लेखनात गफलती होतात, त्या निराळ्याच.

‘इन्व्होक’ हे या पंगतीत चुकून बसवले जाते. देवाचा धावा करणे किंवा कायद्याच्या कलमाचा आधार घेणे यासाठी ते योग्य आहे. आठवणी जाग्या करण्यासाठी ‘इव्होक’च वापरावे.