पुन्हा त्याच जागी येणारी गाठ

प्रश्न : माझे वय ३४ आहे. गेल्या दोन वर्षांत योनीच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, तीन वेळा गाठ आली. पहिली वाटाण्याएवढी होती आणि आपोआप जिरली. या वेळची मात्र लिंबाएवढी झाली, बसणेही अशक्य झाले आणि ती फुटून पू गेल्यावरच आराम पडला. अधूनमधून केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्याही येतात. हा लैंगिक संसर्ग असेल, या भीतीने मी कोणालाच सांगितलेले नाही.

उत्तर : दोन वर्षे हे दुखणे तुम्ही एकटीने सोसलेत, याचे फार वाईट वाटते. गाठ दर वेळी एकाच जागी येते, ही तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. योनीचे तोंड हे घड्याळ मानले, तर चार आणि आठच्या आकड्यांजवळ बार्थोलिन नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात व त्यांचा ओलावा बारीक नळीतून बाहेर येतो. ही नळी बुजली की स्राव आत साठून गाठ होते आणि तिच्यात जंतू शिरले की पू धरतो. हे जंतू बहुतेक वेळा आतड्यात किंवा त्वचेवर एरवीही असणारेच असतात. क्वचित गोनोरियासारखा लैंगिक संसर्ग कारणीभूत असतो, म्हणून पू तपासणे योग्य ठरते.

गाठ फुटल्यावर किंवा नुसती चिरल्यावर तोंड लवकर मिटते आणि स्राव पुन्हा साठू लागतो. त्यामुळे वारंवार त्रास होत असल्यास टोकाला छोटा फुगा असलेली नळी सुमारे चार आठवडे आत ठेवतात, किंवा गाठ उघडून तिच्या कडा बाहेरच्या त्वचेला शिवतात, म्हणजे स्रावाला कायमची वाट राहते. लहान, न दुखणाऱ्या गाठीला अनेकदा उपचार लागत नाहीत. गाठ दुखू लागताच दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसावे. ती दाबू किंवा टोचू मात्र नये. वेदना वाढल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुटकुळ्या बहुधा वेगळ्या असाव्यात. दाढीच्या पात्याने केस काढल्यावर ते त्वचेतच वळतात आणि तिथे फोड येतो. काही महिने पाते बंद ठेवून पाहा. मात्र काखेत आणि जांघेतही खोल, दुखऱ्या गाठी येऊन व्रण राहत असतील, तर तो हिड्राडेनायटिस हा त्वचेचा दाहविकार असू शकतो. तो अस्वच्छतेमुळे होत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण अनेक स्त्रिया त्यासाठी स्वतःला दोष देत राहतात. पाण्याने भरलेले बारीक फोड घोळक्याने येऊन फुटत असतील, चटचटत असतील, तर नागिणीच्या गटातील हर्पिसची तपासणी करावी. फुलकोबीसारखे खरखरीत मोड चामखिळींकडे बोट दाखवतात.

गाठ असतानाच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण ती जिरल्यावर तपासायला फारसे काही उरत नाही. सोबत बाजू, तारीख आणि पाळीचा दिवस लिहून न्या. रक्तातील साखरही तपासून घ्या. चाळिशीनंतर प्रथमच आलेली किंवा टणक, वाढत जाणारी गाठ असेल, तर तिचा तुकडा तपासणे आवश्यक असते.