'गेट'चे अर्थ पाठ करू नकोस, पुढचा शब्द बघ

डिक्शनरीत 'गेट' (get) या इंग्रजी क्रियापदाचे इतके अर्थ बघून घाबरलास ना, सगळेच घाबरतात, पण आधी आपलं 'लागणे' आठव. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, गावाला जायला 3 तास लागतात, हे तुला कुणी यादी देऊन शिकवलेलं नाही. 'गेट'पण तसंच. सुरुवातीला फक्त त्याच्यापुढे काय येतंय ते बघायचं:

- वस्तू आली की मिळणं किंवा आणणं. आय गॉट अ लेटर, पत्र मिळालं ('गॉट' म्हणजे 'गेट'चाच भूतकाळ).
- विशेषण आलं की होणं. इट्स गेटिंग डार्क, अंधार व्हायला लागलाय (बघ, इथेही लागणे आलंच!)
- जागा आली की पोचणं. वी गॉट टु पुणे.

महिनाभर एवढंच वापर, रोज बोलण्यात आण.

नवीन लोक हमखास चुकतात ते 'गेट टु होम' म्हणून, होमच्या आधी टु येत नाही, नुसतं 'गेट होम'. आणि 'आय ॲम टायर्ड' आणि 'आय गॉट टायर्ड' एकच समजतात, पण पहिल्यात मी दमलेलो आहे, दुसऱ्यात आधी ठीक होतो आणि मग दमलो, म्हणजे 'गेट' आलं की काहीतरी बदललं असं समज, हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्धं काम झालं. उच्चारही सांभाळ, फाटकाचं गेट आणि हे गेट आपण लिहितो सारखंच म्हणून बोलतोही सारखंच, या क्रियापदातला ए आखूड ठेव.

गेट ओव्हर, गेट अलाँग वगैरेंना सध्या हात लावू नकोस. 'आय गॉट माय हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले, तेही नंतर बघू.